श्वान-पाहुणचार

यवतमाळात आता मोत्याकडे टॉमी दिवसभर खेळायला येतो. सोबत पट्टा, वाटी, बिस्किटं आणि मालकिणीच्या सूचना. मोत्या दारातच गुरगुरतो. चेंडू त्याचा ना! मग पुढचे पाय टेकून, मागची बाजू वर करून आमंत्रण दिलं जातं. मे महिन्याच्या उन्हात खेळ सकाळी आठलाच आटोपतो. पुढे दोघंही कूलरसमोर आडवे, आणि घरधनी फरशी पुसतोय.

जिल्ह्याला श्वान-पाहुणे नवे नाहीत म्हणा. २०१८ मध्ये ‘अवनी’ ऊर्फ टी-१ वाघिणीच्या शोधासाठी गोल्फपटू ज्योती रंधावांचे केन कोर्सो जातीचे इटालियन वंशाचे कुत्रे आले. हत्तीही आले. गावच्या मोत्याला कोणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

वाघीण मात्र खेळायला आलीच नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री गोळीने गेली.