नाव कुणाचं, करणी कुणाची

विंडोज किंवा लिनक्स कोलमडलं तर मागे नोंदींच्या फायली तरी उरतात. मशीन सुरू करणारं फर्मवेअर कोलमडतं तेव्हा डिस्कची ओळख झालेली नसते आणि पडद्याचाही भरवसा नसतो. बिचारं जाता जाता सीरियल पोर्टवर, सेकंदाला 115200 बिट्सच्या वेगानं, काय ते बोलून घेतं आणि गप्प होतं. दुसऱ्या टोकाला केबल लावून कुणी बसलं असेल तर ठीक; नाहीतर टेस्टिंगवाल्यांचा निरोप येतो, ‘बोर्ड हँग होतोय.’

त्या शेवटच्या ओळी म्हणजे घाईत उरकलेला पंचनामा. सुरुवातीला चार उद्गारचिन्हं (एवढा आकांत बाकीच्या सॉफ्टवेअरला परवडत नाही), मग एक्सेप्शनचा प्रकार, खाली रजिस्टरांची रांग. पेज फॉल्ट असेल तर नशीब म्हणायचं: भलत्याच ज्या पत्त्यावर हात घातला, तो सीआर2 मध्ये सापडतो. पण आरएएक्समध्ये ‘एएफएएफएएफएएफ’ अशी माळ दिसली की चहा मागवावा. ईडीके टू या फर्मवेअरच्या कोडसंचाच्या डीबग बिल्डमध्ये मेमरी देताना आणि परत घेताना ती एएफनं भरून ठेवायची सोय आहे. म्हणजे कुणीतरी कोरी किंवा परत केलेली मेमरी भरलेली समजून वापरली. आठही बाइट एएफ असलेला पत्ता 64 बिटांच्या प्रोसेसरला पत्ता म्हणूनच मान्य नसतो. त्यामुळे होतो जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, आणि सीआर2 मध्ये या प्रकरणाचं काहीच उमटत नाही. नवी मुलं तिथलं शून्य बघून खुशीत सांगतात, “सर, नल पॉइंटर!”

खरी मजा त्याच्याही खाली. शेवटच्या क्षणी आरआयपी, म्हणजे चालू सूचनेचा पत्ता, कुठल्या ड्रायव्हरच्या हद्दीत होता, ते नाव छापलेलं असतं. झालं! मीटिंगमध्ये तिकीट त्या टीमच्या गळ्यात. माझ्या मते तो ड्रायव्हर बहुतेक वेळा बळी असतो, गुन्हेगार नव्हे. मेमरी अवेळी सोडून देणारा, किंवा शेजारच्या हद्दीत चार बाइट जास्तीचे लिहिणारा, केव्हाच ‘सक्सेस’ सांगून पसार झालेला असतो. त्याला हुडकायला स्टॅकमधला एकेक आकडा मॅप फाइलशी ताडत बसावं लागतं.

आणि संशय पक्का करायला त्याच्या कोडात प्रिंटची एक ओळ घालावी, तर मेमरीतली मांडणी जराशी सरकते आणि बोर्ड निमूट बूट होतो. तिकिटावर लगेच कुणाची तरी टिप्पणी येते: ‘आता होत नाहीये. बंद करू का?’