मसाला कुठाय?

॥ श्री ॥
निशिकासाई, तोक्यो

ती. आई आणि अप्पा यांना साष्टांग नमस्कार.

आई, व्हिडिओ कॉलवर तुझा प्रश्न ठरलेला, "आज काय जेवलात?" मी तोंड उघडायच्या आत जावईबापू मागून ओरडतात, "पाणी!" मग तू दिवसभर घोर लावून बसतेस. शिवाय आपल्या आळीत अशी बातमी आहे म्हणे, की तुमची लेक कच्च्या माशांवर दिवस काढते. म्हणून हे सविस्तर पत्र. आळीत फिरवलंत तरी चालेल.

आधी त्या पाण्याचं सांगते. त्याला म्हणतात दाशी. इथल्या निम्म्याअधिक स्वयंपाकाचा पाया तोच. कोम्बू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ गार पाण्यात भिजत घालायचं, मंद आचेवर तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत काढायचं. मग कात्सुओबुशीचे पापुद्रे टाकून गॅस बंद. ते तळाशी बसले की गाळून घ्यायचं. फोडणी नाही, वाटण नाही. कात्सुओबुशी म्हणजे आपल्या कुप्याच्या जातीतला मासा: उकडायचा, धुरी द्यायची, वर चक्क बुरशी चढवायची आणि महिनोन्‌महिने वाळवायचा. बाजारात अख्खा तुकडा बघितला तर सुताराने टाकलेली ढलपी वाटते. किसायलाही रंधाच लागतो, पेटीवर उलटा बसवलेला. आपण पाहुणे आले की सुकटीचा डबा माळ्यावर लपवतो, इथे सुका मासा दुकानाच्या दर्शनी भागात मांडतात.

1908 साली तोक्योतल्या इकेदा किकुनाए नावाच्या प्राध्यापकांनी या कोम्बूच्या चवीचा छडा लावला. त्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं आणि चवीचं नाव ठेवलं उमामी. पुढच्याच वर्षी त्याची पूड बाटल्यांत भरून विकायला आली. तिचं नाव अजिनोमोटो! अप्पा, चायनीजच्या गाड्यांवरच्या ज्या पांढऱ्या पुडीच्या नावाने तुम्ही इतकी वर्षं शिमगा करताय, ती चीनची नव्हेच. या साध्या सारातून निघालेली आहे.

तुमचे जावई पडले कोल्हापूरचे. त्यांना पांढरा रस्सा मान्य, पण तांबड्याच्या सोबतीने. सुरुवातीला प्रत्येक वाटीत डोकावून विचारायचे, "मसाला कुठाय?" खिशात कांदा-लसूण मसाल्याची डबी. एकदा मिसो सुपाच्या वाटीत चिमूटभर सोडलाच. एक घोट घेतला, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "छे, मसाल्याने सगळं झाकून टाकलं." कोल्हापूरकराच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला जपानपर्यंत यावं लागलं.

आई, आता बांगडा. इथे त्याचा थोराड भाऊबंद मिळतो, साबा. मीठ चोळून ठेवायचा आणि साल तडतडेपर्यंत जाळीवर भाजायचा. शेजारी किसलेला मुळा, त्यावर सोया सॉसचे चार थेंब, बस्स. हळद नाही, आगळ नाही, तिखट नाही, आणि तरी (हे वाक्य आळीत वाचू नकोस) फार झकास लागतो. परवा शेजारच्या टेबलावर एक आजी साबा खात होत्या. दोन काड्यांनी पाठ हलकेच दाबली, वरचं मांस संपवलं, मग शेपटी धरली आणि डोक्यासकट अख्खा काटा उचलून ताटलीच्या कडेला ठेवला. खालची बाजू जशीच्या तशी! मासा उलटला नाही की काटा मोडला नाही. आमच्याकडे जावईबापू अजून पहिल्याच घासात काटा शोधतायत.

आणि ऐक, तुझ्या बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ आहे ना, त्याचं सख्खं चुलत भावंड इथे भेटलं! सानशो म्हणतात. भाजलेल्या वामेवर त्याची पूड भुरभुरतात. जिभेला तीच झिणझिण. मला भर हॉटेलात माहेर आठवलं.

राहता राहिला कच्चा मासा. तू मिरकरवाड्याच्या बंदरावर कल्ले उघडून, लाल आहेत ना बघून मासा घेतेस. इथे त्याच्या पुढची पायरी आहे. चांगला मासा पकडला की लगेच मेंदूत अणकुचीदार सळई खुपसतात, कण्यातून तार घालतात आणि रक्त काढून टाकतात. त्याने मासा तडफडत नाही आणि मांस घट्ट राहतं. मग पांढऱ्या मांसाचे काही मासे मुद्दाम गारठ्यात ठेवून देतात, एखादा दिवस, कधी जास्तही. तेवढ्यात मांसात इनोसिनिक आम्ल तयार होतं. कात्सुओबुशीची चव येते ती याच आम्लाने. पण मिरकरवाड्यावर कुणी "वयनी, कालचा आहे, मस्त मुरलाय" म्हणून पापलेट पुढे केलं तर तू त्याला काय सुनावशील, ते मला इथपर्यंत ऐकू येतंय.

इथला मोठा लिलाव तोयोसूच्या बाजारात होतो. 2018 साली जुन्या त्सुकिजीहून तो तिकडे हलला, आणि जानेवारी 2019 मधल्या नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात 278 किलोचा एक ट्यूना 33 कोटी 36 लाख येनांना गेला. तेव्हाच्या भावाने वीस कोटी रुपयांच्या वर. सुरमई महागली म्हणून यापुढे कुरकुरू नकोस.

तुमच्या नातीची, चिमीची काळजी नको. शाळेत मुलंच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून एकमेकांना वाढतात, बाईही तिथेच बसून तेच जेवतात. घरी भोपळा बघून तोंड फिरवणारी ही बया तिथे भोपळा मागून घेते. आता बापाच्या ताटात भाताची शितं राहिली तर त्याला उठू देत नाही.

अप्पा, तुम्ही चहा बशीत ओतून फुर्र करून प्यालात की आई डोळे वटारते ना? इथे सोबाच्या शेवया सुर्रर्र आवाज करूनच ओढतात. हवेबरोबर वास नाकात चढतो म्हणे. तुमची इथे वाहवाच होईल.

आणखी एक खास तुमच्यासाठी. मियाझाकीला काचघरात आंबा पिकवतात. लालभडक, निवडक फळाचं नाव 'तायो नो तामागो'. प्रत्येक फळाला स्वतंत्र जाळी, म्हणजे दर आंब्याला आपापला झेला! पिकून देठातून आपसूक सुटला आणि जाळीत पडला की मगच घ्यायचा. आपल्याकडे ज्याला पडीचा आंबा म्हणून बाजूला टाकतात, तो इथे मखमली पेटीत बसतो. एप्रिल 2019 मध्ये अशा दोन आंब्यांची जोडी 5 लाख येनांना गेली, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास. खाल्लाय मी एकदा, साध्या प्रतीचा, फोडीवर. गोड आहे. पण हापूस नाही. एवढं ऐकलंत की तुम्हाला जेवण गोड लागेल, म्हणून लिहिलं.

येणाऱ्या माणसाबरोबर तिरफळं आणि कोकमं द्या. आंबे देऊ नका, विमानतळावर तपासणीत काढून घेतात.

तुमची,
ताई

ता. क. जावईबापूंना नात्तो लागलाय. आंबवलेलं सोयाबीन, तारा सुटतात, वास असा की सुकटीचा डबा अत्तरदाणी वाटावा. रोज सकाळी गरम भातावर घेतात, वर चिमूटभर कांदा-लसूण मसाला. "इथे मात्र चालतो," म्हणतात. कोल्हापूरला विहीणबाईंना नात्तोचं बोलू नकोस. मसाला तेवढा दुप्पट पाठवायला सांग.