हँडलच्या दिव्यासाठी अख्खं दार

गाडीच्या दाराच्या बाहेरच्या हँडलला दिवा असावा, ही मागणी मी चैनीत धरत नाही. आमच्या सोसायटीचं पार्किंग इमारतीच्या पोटात आहे, तिथल्या निम्म्या ट्यूब कायम गेलेल्या असतात. गाडी गडद राखाडी आहे आणि हँडलही त्याच रंगात रंगवलेलं आहे. माझी आई सत्तरीच्या पुढची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही अंधारात तिला कडा नीट दिसत नाहीत. ती दार चाचपत हँडल शोधते. दारासमोरच्या फरशीवर पाणी आहे की नाही, हे तिला पाय टाकल्यावर कळतं. हँडलच्या खोबणीत एक बारीक पांढरा दिवा लागला तर हँडल दिसतं, आणि त्याचा उजेड खाली सांडून जमीनही दिसते. एवढ्याचसाठी मला तो हवा होता.

बऱ्याच गाड्यांत हा दिवा फक्त सगळ्यात वरच्या व्हेरियंटला मिळतो. मधलं व्हेरियंट घेणाऱ्याच्या पार्किंगमध्येही तेवढाच अंधार असतो आणि त्याच्या घरातही म्हातारी माणसं असतात. सनरूफ, मोठा स्क्रीन, चामड्याची सीटं यांच्या गठ्ठ्यात हा दिवा बांधून का विकावा, याचं पटणारं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही. सुटा एलईडी पुण्याच्या तापकीर गल्लीत काही रुपयांना मिळतो. महाग आहे ती त्याच्यापर्यंत वीज नेण्याची वाट, आणि ती वाट कंपनीने आपल्या हाताने अवघड करून ठेवली आहे.

आधी मी तयार किटच शोधलं. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाची एवढी दुकानं आहेत की तिथे मिळणार नाही असं काही असेल, असं वाटत नाही. पण ‘हँडलचे लाइट’ म्हटलं की समोर येतात क्रोमचे बाऊल, क्रोमची हँडल कव्हरं, आणि दार उघडल्यावर जमिनीवर कंपनीचं चिन्ह पाडणारे प्रोजेक्टर. या प्रोजेक्टरवर माझा खरा राग आहे. तो दार उघडल्यावर लागतो. हँडल सापडलं, दार उघडलं, मग उजेड! उजेडाची गरज त्याच्या आधी असते, ही साधी गोष्ट तो बनवणाऱ्याच्या लक्षात यायला हवी होती. शिवाय त्यातले बरेचसे सेलवर चालतात आणि डबल टेपने चिकटवायचे असतात. एप्रिल-मेच्या उन्हात तो टेप मऊ पडतो आणि दिवा दाराच्या खिशात येऊन पडतो.

खोबणीत बसणारं जे किट शेवटी मिळालं, त्याच्या खोक्यावर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं होतं. मागच्या दारापासून डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सपर्यंत, खांबातून आणि उंबऱ्याच्या पट्टीखालून जायचं तर तीन मीटरच्या वर वायर लागते. किटमध्ये मीटरभर होती. फ्यूज नव्हता. सूचनांचा कागद नव्हता. दिव्यांचा रंग निळसर होता, तोही चारही दिव्यांचा सारखा नव्हता. ज्या वस्तूला गाडीच्या विजेशी जोडायचं आहे तिच्यासोबत फ्यूज न देणं हा हलगर्जीपणा आहे, आणि असा माल उघड विकला जातो याचं मला वाईट वाटतं. ते किट बाजूला ठेवून मी दिवे स्वतःच बनवायचं ठरवलं.

आता दाराबद्दल. बाहेरच्या पत्र्यावरचं हँडल काढायचं तर आतून दाराचं पॅड काढावं लागतं, निदान वायर न्यायला तरी लागतंच. पॅडला दोन-तीन स्क्रू असतात आणि ते सगळे लपवलेले असतात. एक आतल्या हँडलमागच्या झाकणाखाली, एक आर्मरेस्टच्या तळाशी, एक आरशाच्या त्रिकोणी तुकड्यामागे. लपवायला माझी हरकत नाही, दिसायला बरं दिसतं. पण झाकणावर बारीक खूण करायला काय हरकत होती? खूण नसल्यामुळे लोक पॅड ओढतात आणि प्लास्टिकचे कान मोडतात.

स्क्रू निघाले की पॅड क्लिपांवर उरतं. या क्लिपा हा माझ्या तक्रारीचा गाभा आहे. दाराच्या कडेने सात-आठ पांढऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा पत्र्यातल्या भोकांत ठोकून बसवलेल्या असतात. कारखान्यात त्या एका सेकंदात बसतात, म्हणून त्या तशा केलेल्या आहेत. काढताना मात्र त्यांतल्या एक-दोन तुटतातच, प्लास्टिकची पट्टी वापरा, उन्हात गाडी तापवून घ्या, काहीही करा. काच, मोटर, लॉक, स्पीकर, यांतल्या कुठल्याही दुरुस्तीसाठी हे पॅड निघतंच. गाडीच्या आयुष्यात जे अनेकदा निघणार हे ठाऊक आहे, ते एकदाच बसेल अशा क्लिपेवर टांगणं मला अन्याय्य वाटतं. आणि तुटलेली क्लिप सुटी मागायला गेलं की सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट नंबर विचारतात. तो नंबर ज्या पुस्तकात असतो ते पुस्तक त्यांच्याकडेच असतं. बाहेरच्या दुकानात मिळतात त्या क्लिपा अर्धा मिलिमीटर सैल असतात. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण सिंहगड रोडवरच्या प्रत्येक गतिरोधकावर दार खडखडतं आणि ते आपण घरी पोचेपर्यंत ऐकत बसतो.

पॅडच्या मागे एक शीट असते, प्लास्टिकची किंवा फोमची, काळ्या चिकट ब्यूटाइलने पत्र्याला डकवलेली. तिच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ऑटो इलेक्ट्रिशियन ती ब्लेडने फाडतात आणि तशीच सोडून देतात. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटात जातंच. काचेच्या तळाचं रबर ते पूर्ण अडवत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. दाराच्या तळाला भोकं असतात, तिथून पाणी बाहेर पडतं. म्हणजे दाराचा बाहेरचा अर्धा भाग ओला राहणार हे ठरलेलं आहे आणि आतला अर्धा भाग कोरडा ठेवायचं काम ही शीट करते. ती फाटली की जूनमध्ये पायाखालचं कार्पेट ओलं होतं, जुलैत वास येतो, आणि लोक एसीला दोष देतात. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोटातल्या हवेचा दाब मोजतो. पत्रा आत चेपला की दाब वाढतो आणि एअरबॅगला इशारा जातो. अशा दारात शीटला राहिलेलं भोक हा सुरक्षेचा प्रश्न होतो. एवढी महत्त्वाची वस्तू, पण ती परत डकवायचं ब्यूटाइल साध्या दुकानात मिळत नाही. लोक फेव्हिकॉल लावतात, सेलोटेप लावतात. लावणारच, दुसरं काही मिळत नसेल तर माणूस काय करेल?

हँडल सोडवायचा स्क्रू दाराच्या कडेला, रबरी बुचामागे असतो. अनेक गाड्यांत तो फक्त सैल करायचा असतो, पूर्ण काढायचा नसतो. पूर्ण काढला तर आतली पकड दाराच्या पोटात पडते. त्या बुचावर, स्क्रूवर, आसपास कुठेही हे लिहिलेलं नसतं. स्क्रू सैल झाल्यावर हँडलच्या मागच्या टोकाची टोपी निघते आणि हँडल मागे सरकवून बाहेर घेता येतं. ड्रायव्हरच्या बाजूला या टोपीखाली किल्लीचं कुलूप असतं. डाव्या बाजूला, जिथे कुलूप नसतं, ती टोपी पोकळ असते. त्या पोकळीत दिवा छान बसतो, तोंड हँडलकडे केलं की खोबणी उजळते. वायर हलणाऱ्या भागात नेली तर रोजच्या ओढण्याने तुटते, म्हणून दिवा स्थिर भागातच हवा. ड्रायव्हरच्या बाजूला मात्र कुलपाने जागा खाल्लेली असते, तिथे हँडलच्या पुढच्या टोकाच्या रबरी पॅडमागे कशीबशी जागा काढावी लागते. खोबणीच्या पत्र्याला भोक पाडायला अनेक जण सुचवतात. मी त्याच्या विरोधात आहे. रंग फोडलेल्या पत्र्याला आपल्या पावसात गंज धरायला वेळ लागत नाही.

मग दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी. सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि तिच्यात एक वायर वाढवायची म्हणजे पायजम्यात नाडी ओवावी तसं काम, फरक एवढाच की इथे आधीच पंधरा-वीस नाड्या भरलेल्या आहेत. सिलिकॉन स्प्रे मारून, कडक तार आधी घालून, तिला वायर बांधून ओढावी लागते. ज्या गाड्यांत नळीच्या टोकाला एकच मोठा कनेक्टर असतो तिथे हेही चालत नाही. कनेक्टरमध्ये रिकामी पिन असेल तरच वाट मिळते. पिन रिकामी आहे का, कोणती आहे, हे वायरिंगचा नकाशा पाहून अर्ध्या मिनिटात कळेल. तो नकाशा मालकाला मिळत नाही.

इथे मी चिडतो. मी गाडी विकत घेतली आहे, तिच्या दाराचा नकाशा मागतो आहे, आणि मला सांगितलं जातं की तो ‘इंटर्नल’ आहे. ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू दिली जात नाहीत, हा आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही धरली आहेत. युरोपात ७१५/२००७ या नियमाने कंपन्यांवर दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना देण्याचं बंधन आलं. वाजवी शुल्क घ्या, पण द्या. मीही शुल्क द्यायला तयार आहे. दाराच्या एका पानाचे पैसे घ्या आणि पान द्या.

नकाशा नसल्यामुळे कोणत्या वायरीत केव्हा वीज येते ते मल्टीमीटरने शोधावं लागतं. बल्बवाला टेस्टर इथे वापरू नये, तो गाडीच्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमधून नको तेवढा करंट ओढतो. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नये, ते एअरबॅगचं सर्किट असतं. जुन्या गाड्यांत आतल्या दिव्याची अर्थिंगची वायर दाराच्या स्विचमधून जायची, म्हणून काम सोपं होतं. आता दिवा मॉड्यूल चालवतं, हळूहळू उजळवतं आणि मालवतं, शिवाय दिवा जागेवर आहे ना हे तपासायला बारीक करंट सोडतं. तेवढ्या करंटवर एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो. एक हजार ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर समांतर जोडला की सहसा ते थांबतं. ज्यांनी तयार किट लावलं आणि मिणमिण पाहून गाडी खराब झाली समजून सर्व्हिस सेंटर गाठलं, त्यांना एवढं कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तयार किटवर माझा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो. त्यांत बहुधा तीन एलईडी सिरीजमध्ये असतात. पांढरा एलईडी सुमारे ३.२ व्होल्ट घेतो, तिघांचे झाले ९.६. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट असतात, उरले ४.८, २४० ओहमचा रेझिस्टर लावला की २० मिलिअँपिअर जातात आणि दिवा छान दिसतो. पण हँडलचा दिवा लागतो तेव्हा इंजिन बंद असतं. तेव्हा १२.४ व्होल्टच असतात, उरतात २.८, आणि करंट जेमतेम १२ मिलिअँपिअरवर येतो. नेमका गरजेच्या वेळी दिवा मंद. दोनच एलईडी घेतले आणि ३९० ओहम लावले तर इंजिन चालू असताना २० आणि बंद असताना १५ मिलिअँपिअर मिळतात. एक एलईडी कमी, खर्च कमी, उजेड भरवशाचा. हे गणित अकरावीचं आहे. किट बनवणाऱ्याने ते एकदा कागदावर करायला हवं होतं.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण सोसायटीतल्या एका काकांनी मला दंडाची भीती घातली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने गाडीत मनमानी बदल करायला बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कलमातच खुलासा आहे की बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. हँडलखालच्या दोन एलईडींनी ते बदलत नाही, असं माझं वाचन आहे. तरी लाल-निळे, लुकलुकणारे, धावत्या गाडीत जळणारे दिवे लावणाऱ्यांना दंड व्हावा, या मताचा मी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतल्या ४८ व्या नियमात बाहेरच्या अशा दिव्यांना वेगळी जागा दिली आहे: गाडी उभी असेल तरच ते लागावेत. माझे दिवे आतल्या दिव्याच्या लाइनवर आहेत, लॉक उघडलं की लागतात आणि गाडी निघाली की विझतात.

पुढच्या दोन्ही दारांचं काम झालं आहे. आई आता डाव्या बाजूने न चाचपता बसते. मागची दारं मी दिवाळीनंतर घेणार आहे, पत्रा आणि शीट कोरडी असताना, कारण ओल्या पत्र्यावर ब्यूटाइल धरत नाही. तोवर मला मागच्या दाराच्या आठ क्लिपा हव्या आहेत, सुट्या, पार्ट नंबर न विचारता, आणि तीन मीटर ब्यूटाइलची पट्टी. पुण्यात कुणाच्या दुकानात असेल तर मी येऊन रोख पैसे देऊन घेऊन जाईन.