पाणी जायची वाट

वाफेची कॉईल बसवायची म्हटलं की वाफ आत कशी आणायची याची काळजी सगळ्यांना असते. त्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर कसं जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या वडिवळ्यापासून लोणावळ्यापर्यंत पावसाळ्यात कपडा वाळत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत भुशी धरणाच्या गर्दीने हॉटेलं भरतात. चादरी-टॉवेलांचे ढीग लाँड्रीत येतात आणि सगळा भार वाफेच्या ड्रायरवर पडतो. मग फोन येतो, "ड्रायर तापत नाही, वाफ वाढवा."

वाफ वाढवून काय होणार? वाफ उष्णता देते ती पाणी होताना. 3 बार दाबाच्या एक किलो वाफेचं पाणी होतं तेव्हा सुमारे 510 किलोकॅलरी मिळतात. कॉईलमध्ये पाणी होणारच, व्हायलाच हवं. ते साचून राहिलं की तेवढ्या नळ्या कामातून गेल्या. झाकण काढून बघा: वरच्या नळ्यांजवळ हात नेववत नाही, आणि खालच्या दोन ओळींवर खुशाल तळवा टेकवता येतो. चादर वरवर सुकते, शिवणीत ओल राहते. ऑपरेटर पुन्हा ड्रम फिरवतो, बॉयलर पुन्हा डिझेल पितो.

पाणी सोडून वाफ अडवणारा ट्रॅप कॉईलच्या तोंडापासून निदान 450 मिमी खाली हवा, हे मी दरवेळी सांगतो. पण मशीन आधीच फरशीला टेकवून बोल्ट केलेलं असतं, खाली जागाच उरत नाही. ड्रायरमधली हवा तापली की कंट्रोल व्हॉल्व्ह आवळतो, कॉईलमधला दाब जवळजवळ शून्यावर येतो. मग पाण्याला ढकलायला वाफ नाही, फक्त त्या 450 मिमी उंचीचा दाब, म्हणजे जेमतेम 0.04 बार. एवढ्यावर पाणी फक्त उताराने जाईल. आणि इथे ट्रॅपमधून निघालेला पाइप सरळ छताला नेलेला असतो, कारण खालून नेला तर ट्रॉलीला अडतो! 4 मीटर चढायला 0.4 बार लागतात, ते कुठून आणायचे? पाणी मागे कॉईलमध्ये तुंबतं, नळ्या आतून गंजतात आणि व्हॉल्व्ह उघडला की लाइन हातोडा मारल्यासारखी वाजते.

ट्रॅपची तर वेगळीच व्यथा. फ्लोट ट्रॅप सांगितला तर स्टोअरमध्ये पडलेला थर्मोडायनॅमिक हातात ठेवतात, तोही पाइपाच्या मापाचा. तासाला पाणी किती होणार हे कुणी काढत नाही. स्ट्रेनर वगळतात, मग वेल्डिंगची खपली पहिल्याच आठवड्यात ट्रॅपच्या सीटवर बसते. व्हॅक्यूम ब्रेकर 'एक्स्ट्रा' म्हणून कोटेशनमधून उडतो. शेवटी कुणीतरी बायपास उघडतो, तात्पुरता म्हणून. तो वर्षभर उघडाच राहतो आणि कोरी वाफ गटारात जाते.

3.5 किलो दाबाच्या वरच्या वाफेच्या लाइनीला आयबीआर (बॉयलरचे सरकारी नियम) लागतं. तिथे पासवाला वेल्डर येतो, कागद होतात, तपासणी होते. बॉयलरकडे परत जाणाऱ्या पाण्याला मात्र उरलासुरला पाइप आणि हेल्पर. ना उतार, ना इन्सुलेशन. मला याचा खरोखर राग येतो, कारण ते पाणी उकळत्याच्या जवळचं आणि मऊ असतं. बॉयलरचं फीडवॉटर 6 अंशांनी गरम मिळालं तर साधारण 1 टक्का इंधन वाचतं. ते गटारात सोडून टँकरचं गार पाणी पुन्हा सॉफ्टनरमधून काढायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मे महिन्यात पुन्हा कॉईल बदलायची कामं निघतील. ऑर्डरमध्येच लिहून द्या: ट्रॅप 450 मिमी खाली, परतीच्या लाइनीला मीटरमागे 10 मिमी उतार, आणि छतावरूनच न्यायची असेल तर आधी उताराने टाकीत आणि मग पंपाने वर. टाकीला खड्डा लागतो. तो फरशी बसायच्या आधी खणा, नंतर फरशीला हात लावू देत नाहीत.