जपून ठेवलंय!

तुमच्या सोसायटीत एक असतोच. सोसायटीत नसेल तर घरात असतो, आणि घरातही नसेल तर कृपया स्वतःचे खिसे तपासा.

आमचे नाना जोगेश्वरी पूर्वेला, गुंफा रोडच्या एका गल्लीत, चौथ्या मजल्यावर राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. नानांना मात्र पिशवी राहिल्याचं नेमकं तळमजल्यावर आठवतं. वर जाऊन पिशवी घेतात, यादी वरच ठेवून खाली येतात. यादी आणायला वर जातात, ती सापडते, पण ती गेल्या दिवाळीच्या फराळाची निघते. दोन जुड्या कोथिंबीर आणायला निघालेला हा माणूस गिरनार चढल्यासारखा घामाघूम होऊन बाजारात पोहोचतो आणि भाजीवाल्यासमोर उभा राहून विचारतो, “मी काय घ्यायला आलो होतो हो?”

पण हे सगळं ‘विसरणं’ झालं. हरवणं वेगळं. आणि हरवणं हा शब्द नानांना मान्य नाही. “हरवलं नाही, जपून ठेवलंय.” गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य ऐकतोय आणि सोसायटीचा सेक्रेटरी या नात्यानं ते ऐकून माझं रक्त आटतंय.

नानांच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू आहेत: इकडेतिकडे पडलेल्या आणि जपून ठेवलेल्या. पडलेल्या सगळ्या सापडतात. केव्हाच विकलेल्या सायकलचा पंप, मिक्सर नसताना त्याची तीन झाकणं, कुठल्याशा सर्कशीचं तिकीट. जपून ठेवलेल्यांत पासपोर्ट, गॅसचं पुस्तक आणि लॉकरची किल्ली येते. ती आजतागायत कोणाच्या दृष्टीस पडलेली नाहीत. अपवाद एकच, चष्मा. तो म्हाताऱ्या माणसांचा हरवतोच हरवतो, पण नानांचा नाही. तो कायम फ्रिजवर. याचं मला नेहमी आश्चर्य वाटायचं.

एका नोव्हेंबरात नानांनी पेन्शनसाठी हयातीचा दाखला आणला आणि फार महत्त्वाचा कागद म्हणून जपून ठेवला. पेन्शन थांबली. नाना स्वतः काउंटरवर जाऊन उभे राहिले. तिथल्या बाईंनी सांगितलं, “तुम्ही आहात ते दिसतंय आजोबा, पण दाखला कुठाय?” नाना म्हणाले, “जपून ठेवलाय.” आता अंगठा टेकवून जीवन प्रमाण मिळतं, ते एक बरं झालं. अंगठा तेवढा जपून ठेवता येत नाही.

नाना लिहून मात्र सगळं ठेवतात. वह्या त्यांना आवडत नाहीत. वही म्हणजे कोऱ्या कागदाची नासाडी. ते पाठकोऱ्यावर लिहितात. लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्याचा आतला पुठ्ठा, बेस्टचं तिकीट (यावर फक्त फोन नंबर मावतो, नाव मावत नाही, त्यामुळे कोणाचा नंबर हे विचारायचं नाही). आणि सर्वांत आवडता कागद म्हणजे विजेचं बिल. तारीख कशावरच नाही. “कधी लिहिलं ते मला माहीत आहे की!”

आमच्या गल्लीच्या टोकाला जी गुंफा आहे, तिचंही तसंच. आत काळ सांगणारा लेख नाही. वॉल्टर स्पिंकसारख्या अभ्यासकांनी शिल्पांची धाटणी पाहून ती सहाव्या शतकातली ठरवली. नानांच्या कागदांचं उत्खननही मी त्याच पद्धतीनं करायला शिकलो. बिलावर बीएसईएस असेल तर प्राचीन काळ. रिलायन्स असेल तर मध्ययुग. अदानी म्हणजे २०१८ नंतरचा, अर्वाचीन. सात आकडी फोन नंबर असेल तर २००२च्या आधीचा, कारण त्या वर्षी मुंबईच्या नंबरांपुढे २ चिकटला. एका कागदावर पुढे बीएसईएस आणि मागे मेट्रोच्या गुंदवली स्टेशनाचा उल्लेख सापडला तेव्हा माझी सगळी कालगणना कोसळली. नाना म्हणाले, “जुना पाठकोरा होता, जपून ठेवला होता.”

एकदा चर्चगेट–बोरिवली स्लो लोकलच्या रॅकवर त्यांची पिशवी राहिली. नाना जोगेश्वरीला उतरले, पिशवी बोरिवलीला गेली. मीच रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ला फोन लावून दिला. पिशवीत काय आहे, असं पलीकडून विचारल्यावर नानांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “रिकामा डबा, छत्रीचा दांडा आणि एक चिठ्ठी.” चिठ्ठीत काय? “पिशवी विसरू नये.” गंमत म्हणजे पिशवी मिळाली. या चिठ्ठीवरूनच ओळख पटली. तेव्हापासून लिहून ठेवण्यावरचा नानांचा विश्वास जास्तच दृढ झाला.

माझा भाचा हुशार. त्यानं नानांना निक्लास लूमानची गोष्ट सांगितली. या जर्मन समाजशास्त्रज्ञानं जन्मभरात सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीला क्रमांक घातला, लाकडी खणांत लावल्या आणि त्या आधारे डझनांनी पुस्तकं लिहिली. नानांनी सहानुभूतीनं मान हलवली. “क्रमांक घातला की कागद हरवतो हो. अमुक नंबरचा नाही, हे कळतं ना. नंबरच नसेल तर कुठलाही सापडला तरी आनंद!” वर इतिहासाचार्य राजवाड्यांचा दाखला. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं जमवली, त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड झाले. त्यांना कोणी रद्दीवाला म्हणालं का? मी म्हटलं, नाना, राजवाड्यांनी दुसऱ्यांच्या घरातले कागद शोधले. स्वतःच्या घरातले शोधायला त्यांनी सेक्रेटरीला बोलावलं नव्हतं.

हे सगळं चाललं असतं. पण आमची इमारत पुनर्विकासाला निघाली.

पुनर्विकास म्हणजे काय हे जोगेश्वरीकरांना सांगायला नको. बिल्डर, कन्सल्टंट, कलम ७९अ, सभा, सभेत वडे, वड्यांनंतर भांडण. प्रत्येक सभासदानं कागद द्यायचे होते: करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट. सगळ्यांचे आले. एकाचं शेअर सर्टिफिकेट आलं नाही. त्यांनी ते कुठे ठेवलं होतं हे तुम्हाला कळलंच असेल.

सोसायटीकडे नोंद असेल म्हणाल, तर ती २६ जुलै २००५ला गेली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आमच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात छातीएवढं पाणी. आधीच्या सेक्रेटरींनी रंगवार, वर्षवार लावलेल्या फायलींचा लगदा झाला. इतकं शिस्तीचं दप्तर पुन्हा होणे नाही. चौथ्या मजल्यावरचा नानांचा पसारा तेवढा कोरडा राहिला.

उपाय होता. पोलिसांकडे हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर इन्डेम्निटी बाँड, मग डुप्लिकेट. मी सगळा मसुदा घेऊन वर गेलो. नानांनी फ्रिजवरचा चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि कागद परत दिला. “‘हरवले आहे’ असं लिहिलंय. मी खोटं प्रतिज्ञापत्र करणार नाही.”

सभेत तळमजल्यावरचे एक गृहस्थ टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “एका माणसाच्या वेंधळेपणापायी चाळीस कुटुंबं लटकलीत!” टाळ्या पडल्या. नाना कुठल्याशा निमंत्रणपत्रिकेच्या मागे काहीतरी टिपून घेत होते.

शेवटी एका रविवारी मी आणि भाचा त्यांच्याकडे फतकल मारून बसलो. गाद्यांखालून, कालनिर्णयांच्या गठ्ठ्यातून, डाळीच्या डब्यांतून कागद निघत होते. मी वैतागून एकेक वाचत होतो आणि वाचता वाचता माझा वैताग जरा अडखळला, हे कबूल करतो. नानांच्या स्वतःच्या कामाचं त्यात जवळजवळ काही नव्हतं. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या डोळ्यांचे थेंब, संपत आले असतील.’ ‘वॉचमनच्या मुलीचा दहावीचा निकाल – विचारणे.’ ‘सेक्रेटरींना ओरडून बोलू नये, बीपी आहे.’ हा शेवटचा मी भाच्याच्या आधी खिशात घातला.

एका चिठ्ठीवर अक्षर वेगळं होतं. बारीक, सरळ रेषेतलं. ‘चष्मा फ्रिजवर.’ काकूंचं अक्षर. काकूंना जाऊन खूप वर्षं झाली. तेव्हा दुसरा फ्रिज होता. नाना म्हणाले, “ती लिहून ठेवायची, कुठे काय ते. बाकीच्या चिठ्ठ्या…” पुढे बोलले नाहीत. चिठ्ठी मात्र त्यांनी स्वतः कपाटात ठेवली नाही, भाच्याला फ्रिजच्या दाराला चिकटवायला लावली.

आणि मग ती सापडली. रिलायन्सचं बिल, महिना ऑगस्ट २००५. मागे नानांचं अक्षर: ‘शेअर सर्टि. – बँकेत, कर्जापोटी. तळमजल्याला ४० हजार, पुरात सगळं गेलं. मागू नये.’

तळमजल्यावर राहणारं, सगळं वाहून गेलेलं कुटुंब आमच्या इमारतीत एकच.

मी उठलो. टेबलावर मूठ मलाही आपटता येते. नानांनी माझ्या हातातून ते बिल हळूच काढून घेतलं, चौघडी घातली. “राहू दे. मी जपून ठेवतो.” आणि पहिल्यांदा मला वाटलं, हा म्हातारा काही गोष्टी मुद्दाम जपून ठेवतो. ते बिल त्यानंतर कोणाला दिसलेलं नाही. सभेत मी गप्प बसलो, वडा खाल्ला.

“नाना, कर्ज फिटलं होतं ना?”

“कधीच. हप्ता चुकवला नाही एक.”

“मग कागद परत का नाही आणले?”

“बँकेपेक्षा जपून कोण ठेवणार?”

हल्ली कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो डिसेंबर २०२३पासूनचा. नानांचं प्रकरण त्याहून फार जुनं. आम्ही दोघं बँकेत गेलो. शाखा दोनदा हलली होती, बँकेचं नावही बदललं होतं. तरुण अधिकारी मोठा सभ्य. त्यानं संगणकात पाहिलं, आत जाऊन आला, पुन्हा पाहिलं. म्हणाला, “काका, कागद आमच्या जुन्या रेकॉर्डमध्ये असणार. काळजी करू नका, बँकेत काही हरवत नाही. फक्त जमा केले तेव्हा दिलेली पोचपावती तेवढी लागेल.”

नानांचा चेहरा उजळला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी स्टॅम्पपेपर आणायला बाहेर पडलो.