एकसष्टावी

महाराष्ट्रात मूल जन्माला कधीही येवो, सरकारदरबारी ते उगवतं 30 सप्टेंबरला. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते. कोणत्या शाळेत किती गुरुजी राहणार आणि कोण ‘अतिरिक्त’ ठरून गाशा गुंडाळणार, हे तिथेच ठरतं. म्हणून गणपती उठले की जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना वर्गात मुलं दिसेनाशी होतात, नुसते आकडे दिसतात.

मराठवाड्यातल्या अशाच एका शाळेचं घोडं 61 वर अडलं होतं. (गावाचं नाव घेत नाही, उगाच गुरुजींची बदली व्हायची.) शिक्षण हक्क कायद्याचं कोष्टक सांगतं, 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तीन. वर्ग पाच, पहिली ते पाचवी. एक गुरुजी पोषण आहाराची माहिती भरण्यात आणि दुसरे बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन वाडीवस्तीवर. शिकवायला म्हणून कुणी उरायचं असेल तर तिसऱ्या बाई हव्यातच. आणि पट भरला होता बरोब्बर 60.

मग गावाची बैठक झाली. मराठी शाळा ही गावाची शान आहे, ती टिकलीच पाहिजे, असं सरपंचांनी ठणकावून सांगितलं. त्यांचा नातू त्या वेळी पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला पोचलाही होता. नात मात्र ह्याच शाळेत आहे. “पोरीच्या जातीला जवळची शाळा बरी,” इति सरपंच. पटावर मुली जास्त का, ह्याचा अभ्यास करायला समिती नेमायची गरज नाही. पिवळ्या बसच्या खिडक्या मोजाव्यात. राहिलेला पट शेतमजुरांचा, वीटभट्टीवाल्यांचा, ऊसतोड कामगारांचा. गुरुजींची स्वतःची मुलं कुठे शिकतात, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

सरकारचं मुलींकडे लक्ष नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 1992 पासून दुर्बल घटकातल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता जाहीर झालेला आहे. रुपयात तेव्हा काय यायचं आणि आता काय येतं, हे गणित चौथीच्या मुलीला सुटतं. वरच्या मजल्यांवर ते अजून विचाराधीन असावं.

तर एकसष्टावी सापडली. ऊसतोड कुटुंबातली, आजीजवळ राहणारी. तिसरीत बसवली, तर पहिल्याच दिवशी फळ्यावरचा सुविचार घडाघडा वाचून वर ‘यात वेलांटी चुकलीय’ असंही तिनं बाईंना सांगितलं. बाई खूश, मोठे गुरुजी खूश. तिनं खिचडी खाल्ली, हजेरीत नाव लागलं. पोर्टल तेवढं खूश नव्हतं. आधारवर तिचं घरातलं लाडाचं नाव, रजिस्टरला पाळण्यातलं. जुळेना. आणि आधार वैध नाही ते मूल संचमान्यतेला धरत नाहीत. गुरुजी तिला घेऊन तालुक्याला गेले, तिथे सर्व्हर डाऊन. पुन्हा गेले, तर जन्माचा दाखला हवा. तिचा जन्म झाला होता फडात, ऊसतोड चालू असताना. दाखला कोणत्या ग्रामपंचायतीचा काढायचा? तात्पर्य, वर्गात मुलं 61, सरकारकडे 60.

थोडा इतिहास सांगायला हवा. 2011 साली 3 ते 5 ऑक्टोबर असे तीन दिवस राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली, मतदारांना लावतात तशी. पटावर होती पण वर्गात नव्हती अशी लाखो मुलं तेव्हा उघडी पडली. त्यांच्या नावावर तांदूळ शिजत होता, पदं मंजूर होत होती, अनुदान निघत होतं. त्या मुलांना ना कधी खोकला झाला, ना त्यांनी कधी वही हरवली. प्रशासनाला इतके गुणी विद्यार्थी पुन्हा मिळाले नाहीत. त्या गैरव्यवहारावर उतारा म्हणून आधी सरल पोर्टल आलं, मग आधार. उतारा इतका जालीम की आता वर्गात बसलेली मुलं पटावरून उडतात.

मधल्या काळात हजेरी पक्की करायला वर्गात मुलांसोबत सेल्फी काढण्याचा फतवाही निघाला होता. शिक्षक चिडले आणि तो बारगळला. पोरांना मात्र तेवढाच कार्यक्रम आवडला होता.

राहता राहिली गुणवत्ता. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या दिवसांत रंगवलेली फरशी अजून शाळेत आहे. त्यातला ‘ञ’ पायांखाली झिजून गेला. तो तसाही कुणाला लागत नव्हता. चाचण्या भरपूर, पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. आपण काय शिकवलं हे आठवायला गुरुजींना दोन चाचण्यांच्या मध्ये फुरसत मिळत नाही. निकाल कमी लागला की केंद्रप्रमुख भेटीला येतात, फार चांगला लागला तर विस्तार अधिकारी. त्यामुळे तो कसा हवा, हे अनुभवी शिक्षकाला नेमकं माहीत असतं: गेल्या वेळेपेक्षा बरा, पण संशय येणार नाही इतपत.

एकसष्टावीनं संकलित एकमध्ये भाषेला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळवले. ते भरायला पोर्टलवर रकानाच उघडेना. गुरुजींनी ते तपकिरी कागदावर लिहून ठेवले.

दिवाळी झाली आणि आई-बापाबरोबर तीही कोल्हापूरकडे तोडीला गेली. आजीचा गुडघा धरला होता आणि धाकट्या भावाला सांभाळायला कुणी तरी हवं होतं. गुरुजींनी शिक्षण हमी कार्ड तिच्या दप्तरात घातलं. तिसऱ्या बाई तोवर अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात हजर झाल्या होत्या.

जानेवारीत आधार जुळलं. पोर्टलवर हिरवी खूण आली, पट 61. आणि लगेच वरून विचारणा आली, सदर विद्यार्थिनी सातत्याने गैरहजर का, वर्गशिक्षकांनी दोन दिवसांत लेखी खुलासा करावा. तिसरीच्या वर्गशिक्षिका त्या बाईच होत्या. म्हणून मोठ्या गुरुजींनी चौथी-पाचवीला पाढे लिहायला लावलेत आणि बाईंचा खुलासा ते स्वतःच लिहीत बसलेत.