सुभद्रेचं लग्न आणि शेवटची एसटी

चहा घ्या, पण घाईनं संपवू नका. प्रकरण लांब आहे. पावसाळा सरत आला की पुण्या-मुंबईच्या संगीत नाटक मंडळ्यांचे येत्या हंगामाचे प्रयोग जाहीर होतात. ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’, ‘कट्यार काळजात घुसली’. नावं वाचूनच माणूस ताठ बसतो. मग नजर ‘मराठवाडा दौरा’वर येते. तिथं दोन ओळी असतात: एक छत्रपती संभाजीनगर, दुसरी नांदेड. आठ जिल्हे दोन ओळींत निकाली काढलेले. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. यादीत दुरुस्ती करायला एवढा अवधी पुरेसा होता. त्यातलं आमचं सेनगाव तर तालुक्याचं ठिकाण आहे.

बरं, नांदेड तर नांदेड. आधी हिंगोली गाठायची, तिथून कळमनुरीवरून नांदेड. प्रयोग संध्याकाळी साडेसहाचा. आता तुम्हीच हिशेब करा. परतीची शेवटची गाडी भरतवाक्यासाठी थांबत नाही. बलरामदादा सुभद्रा दुर्योधनाला द्यायला निघालेत, अर्जुन यतीच्या वेषात घरात शिरलाय, कृष्णाचं कारस्थान ऐन रंगात आलंय, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या तालुक्याची माणसं गुडघे वाकवत, ‘जरा जाऊ द्या हो’ म्हणत रांगेतून बाहेर पडतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं १८८२ साली. पुण्यात सुभद्रेचं लग्न केव्हाच लागलं. सेनगावच्या दप्तरी ते आजतागायत प्रलंबित आहे.

जेवढं नाटक वाट्याला येतं, तेही अख्खं नसतं. मूळ ‘सौभद्रा’त शंभरावर पदं आहेत. बालगंधर्वांच्या काळी वन्स मोअरवर वन्स मोअर घेत प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा. साथीला अहमदजान थिरकवाँ तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर असत, उठायची इच्छा कुणाला होईल? आता नाट्यगृह ठरावीक तासांसाठीच मिळतं, म्हणून पदं छाटतात. त्यातून उरलेल्या पदाला आम्ही वन्स मोअर दिला, तर गायक नट हात जोडतो आणि पुढचं वाक्य बोलतो. दोन तालुके ओलांडून आलेल्या माणसाला एक पद दुसऱ्यांदा ऐकायला मिळू नये, ही गोष्ट मी साधी मानत नाही.

तारखांचं तर विचारूच नका. पहिला दौरा ऑक्टोबरात, म्हणजे सोयाबीन काढणीला आलेलं, मजूर मिळेनात, आभाळ भरून आलेलं. दुसरा दौरा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे हळद काढायची, शिजवायची, वाळवायची. हिंगोली जिल्ह्यात हळद किती पिकते, हे वसमतच्या बाजारात कुणालाही विचारा. उन्हाळ्यात आम्हाला फुरसत असते, तेव्हा मंडळी विश्रांती घेते. बारा महिन्यांतून आमच्या अडचणीचे तेवढे निवडून काढणं हे सहजासहजी जमणारं काम नाही.

यावर एका मंडळीला रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: आपल्याकडे नाट्यगृह नाही, आणि या संगीताला श्रोता मिळेल का, याबाबत साशंकता आहे.

दोन्ही मुद्दे क्रमानं घेतो. जुन्या नाटक कंपन्या पडदे, पेट्या, आचारी, सगळं बरोबर घेऊन गावोगाव फिरत. जागा मिळेल तिथं रंगमंच उभा करत. तमाशाचे फड आजही स्वतःचा तंबू आणतात. आमच्याकडे हरिनाम सप्ताहाचा मंडप पडतो, तेव्हा त्यात नांदेडच्या नाट्यगृहाएवढी माणसं तर नुसती पंगतीला बसतात. जागेची सबब टिकत नाही.

आणि श्रोता? नामदेवांचं नरसी आमच्या शेजारचं गाव. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. सातशे वर्षांपूर्वी इथला आवाज पायी चालत पंजाबात घुमानपर्यंत पोचला. पुण्याची गाडी डांबरी सडकेवरून इथवर पोचू शकत नाही? आमच्या गावागावांत भजनी मंडळं आहेत. पखवाजाचा हात चुकला तर मागच्या ओळीतला म्हातारा मान हलवायची थांबतो. ‘कान्होपात्रा’ नाटकात बालगंधर्वांनी अभंग गायले आणि महाराष्ट्र वेडा झाला. ते अभंग ज्यांच्या घरात रोज म्हटले जातात, त्यांच्या कानाबद्दल साशंकता! एकशे चाळीसहून जास्त वर्षांच्या परंपरेनं एवढा अन्याय करावा, याचं दुःख होतं.

तरी आम्ही मागणी माफकच ठेवली आहे. एप्रिल महिना, हळद घरात आल्यानंतरची कुठलीही रात्र. मंडप, जनरेटर, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कलाकारांची निजायची सोय आमच्याकडे. ऑर्गन मात्र खराखुरा आणावा. नाटक पाचही अंकांचं असावं, वन्स मोअरवर बंदी नसावी आणि शेवटच्या गाडीचा प्रश्न उद्भवू नये म्हणून प्रयोग पहिली एसटी सुटेपर्यंत चालवावा. दुसरा अर्ज लिहून ठेवलाय. चहा संपला असेल, तर इथं खाली सही करा.